धागा: कनेक्शन ३०० चं, डेस्कटॉपवर ३८ – वायफाय अडॅप्टर कुठला घेऊ?

जिन्याशेजारची_खोली
नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरून ड्रॉइंगची कामं करते, बहुतेक कुपवाड एमआयडीसीतल्या युनिटची. गेल्या महिन्यात फायबरचं ३०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं. कंपनीने दिलेला वायफायचा डबा खाली हॉलमध्ये टीव्हीच्या वर बसवलाय आणि माझा डेस्कटॉप वरच्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत आहे. डेस्कटॉपला जुना नखाएवढा डोंगल (यूएसबीत लावायचा वायफाय अडॅप्टर) आहे, त्याच्यावरचं नाव कधीच पुसलं गेलंय, १५० एवढा आकडा तेवढा दिसतो. स्पीड टेस्ट केली की ३५ ते ३८, त्याच्या वर काही केल्या जात नाही. आणि त्याच टेबलावर मोबाइल ठेवून बघितलं तर २६०-२८० येतात! कनेक्शनवाल्यांना दोनदा फोन केला, ते म्हणतात आमच्याकडून पूर्ण येतंय आणि मोबाइल बघितल्यावर मला पण ते पटतंय.

परवा एका युनिटकडून ४ जीबीची स्कॅन फाइल उतरवायची होती, पाऊण टक्का पाऊण टक्का करत सोळा मिनिटं लागली आणि पलीकडे साहेब फोन धरून बसलेले. फार लाज वाटली हो. म्हणून आता नवीन अडॅप्टर घ्यायचाच आहे. दुकानात गेले तर त्यांनी काउंटरवर चार खोके मांडले, एन३००, एसी६००, एसी१३०० आणि एएक्स१८००. फरक विचारला तर म्हणाले जेवढा आकडा मोठा तेवढं स्पीड. मी रिकाम्या हाताने परत आले. मशीन सात वर्षं जुनं आहे, विंडोज १०, मागे निळ्या रंगाचे दोन यूएसबी आहेत. कुणी स्वतः वापरलेलं असेल तर सांगा.

गोडोलीकर
केबल ओढा. विषय संपला.

जिन्याशेजारची_खोली
@गोडोलीकर दादा, पहिला विचार तोच केला होता. पण हॉलमधून वर यायचं तर देवघराच्या भिंतीतून भोक पाडावं लागतंय, आणि सासूबाईंना ते चालणार नाही. जिन्यावरून उघडी वायर टाकली तर घरात दोन लहान मुलं आहेत. त्यामुळे वायफायच.

संगम_माहुली
ताई, तुमचं निदान निम्मं तुम्हीच केलंय. त्याच टेबलावर मोबाइलला २८० येतात म्हणजे डबा, फायबर, भिंत, जिना सगळं ठीक आहे. अडतंय ते त्या डोंगलपाशी. आता आकड्यांचं सांगतो, जरा लांबेल पण एकदा कळलं की दुकानात कुणी फसवू शकणार नाही.

वायफाय दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. खोक्यावरचा आकडा हा बेरजेचा असतो. एसी६०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३, दोन्ही मिळवून गोल करून ६००. एसी१३०० म्हणजे ४०० अधिक ८६७. एएक्स१८०० म्हणजे ५७४ अधिक १२०१. पण अडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर बोलतो, त्यामुळे बेरजेला काही अर्थ नाही, ५ गिगाहर्ट्झचा आकडा तेवढा बघायचा. आणि तो सुद्धा हवेतला लिंकचा वेग असतो, प्रत्यक्ष हातात साधारण निम्मं ते दोन तृतीयांश येतं, कारण वायफायवर पाठवणं आणि घेणं एकाच हवेत आळीपाळीने चालतं, शिवाय पोचपावत्या, पुन्हा पाठवणं हे सगळं त्याच वेळेत.

म्हणजे ४३३ वाल्याकडून २००-२५० धरा. ३०० साठी ८६७ वाला लागतो, म्हणजे कमीत कमी एसी१३००.

आता तुमचा जुना डोंगल. त्याचा १५० हा आकडा तेव्हाच येतो जेव्हा २.४ वर ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल मिळतो. शेजारीपाजारी दहा वायफाय असले की डबा २० वर येतो आणि मग लिंक ७२ च मिळते. ७२ चे निम्मे ३६. तुमचा ३५-३८ कुठून येतो ते कळलं ना? खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये वायफायच्या नावावर क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, खाली प्रोटोकॉल, नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड लिहिलेलं असतं. ते इथं टाका.

जिन्याशेजारची_खोली
@संगम_माहुली दादा, बघितलं. प्रोटोकॉल ८०२.११एन, बँड २.४, लिंक स्पीड ७२/७२. अगदी तंतोतंत! महिनाभर मी कनेक्शनवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

हळदीचा_सौदा
माझं पण असंच हाय बगा, मार्केट यार्डातल्या ऑफिसात २०० चं कनेक्शन आणि फाइल उतरवताना फक्त २२-२३ दाखवतंय. मी पण डोंगल बदलू का?

संगम_माहुली
@हळदीचा_सौदा भाऊ थांबा, खर्च करू नका. फाइल उतरवताना दिसतात ते मेगाबाइट, कनेक्शन विकतात ते मेगाबिटमध्ये. ८ ने गुणा. २३ गुणिले ८ म्हणजे १८४. तुम्हाला जवळजवळ पूर्ण मिळतंय.

हळदीचा_सौदा
आयला! म्हणजे क्विंटल आणि किलोचा घोळ. पोरगं दोन महिनं माझ्या मागं लागलंय नवीन घेऊया म्हणून, आता त्याला बसवतो हिशोबाला.

आयर्विनचा_कठडा
ताई एक गोष्ट कुणी सांगितली नाही. अडॅप्टर कितीही चांगला घेतला तरी तो यूएसबी २.० असेल तर तिथंच गळचेपी होते. यूएसबी २.० ची मर्यादा कागदावर ४८०, प्रत्यक्षात वायफाय डोंगलला ३०० च्या आतच. आणि गंमत म्हणजे त्या नखाएवढ्या बारीक डोंगलमध्ये सुद्धा एसी१३०० लिहिलेले मिळतात ज्यांना आत यूएसबी २.० च असतं. खोक्याच्या मागच्या बाजूला यूएसबी ३.० लिहिलंय का ते वाचा, मशीनवरचे निळे पोर्ट बहुतेक ३.० चेच असतात. दुसरं, नखाएवढ्या डोंगलला अँटेना पण नखाएवढीच, आणि तो कॅबिनेटच्या मागे पत्र्याला चिकटून बसतो. पत्रा सिग्नल अडवतोच.

मिरजेचा_तंबोरा
मी मिरजेचा, वय ६४, घरात तंतुवाद्यांचं काम पिढीजात. संगणकातलं फार कळत नाही, पण एक अनुभव सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. माझ्याकडे परगावचे विद्यार्थी ऑनलाइन शिकतात, तंबोरा जुळवायला. जवारी लावताना सूर कुठे उघडतोय हे कानानंच ओळखायचं असतं. मधेच आवाज अर्धा सेकंद तुटला तर सगळंच गेलं. आमच्याकडे स्पीड भरपूर दाखवायचं, १०० च्या वर, तरी आवाज तुटायचा. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस. फार छळलं त्या गोष्टीनं.

पुतण्याने शेवटी शोधून काढलं. ज्या दिवशी मी रेकॉर्डिंग ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क जोडायचो त्याच दिवशी तुटायचं. हार्ड डिस्कची जागा डोंगलच्या शेजारी, दोन्ही निळ्या पोर्टात. त्याने डोंगलला हातभर लांबीची यूएसबीची वायर लावून तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्या दिवसापासून एकदाही आवाज तुटला नाही. कारण काय ते मला नीट सांगता येणार नाही.

संगम_माहुली
@मिरजेचा_तंबोरा काका, तुमच्या पुतण्याला माझा नमस्कार सांगा, भल्याभल्यांना हे सापडत नाही. यूएसबी ३.० मधून डेटा जाताना जो विद्युत गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. वायरलेस माउस अडखळतो तो पण बऱ्याचदा याच कारणाने. ५ गिगाहर्ट्झवर गेलं की हा त्रास राहत नाही, आणि लांब वायर लावली की २.४ वर पण कमी होतो.

तासगाव_बेदाणा
काका तंबोरा आणि वायफाय एकाच धाग्यात वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं, छान वाटलं.

राजवाडा_चौक
सगळेच ५ गिगाहर्ट्झच्या मागे लागलेत म्हणून जरा विरोधी मत मांडतो. आमचा साताऱ्यात जुना वाडा आहे, दगड-मातीच्या भिंती, काही ठिकाणी दोन-सव्वादोन फूट जाड. त्यात मी पहिल्यांदा चांगला महागाचा एएक्स अडॅप्टर आणला, ५ वर जोडला, आणि माजघराच्या पलीकडच्या खोलीत एक दांडी सुद्धा येईना. तिथंच २.४ वर आरामात ५०-६० येत होते. वारंवारिता वाढली की भिंतीतून आरपार जाण्याची ताकद घटते. त्यामुळे ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी अडॅप्टरवर पैसे घालू नका. मी शेवटी माळ्यावरून एक केबल नेली आणि त्या बाजूला दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा वेगळा डबा) बसवला. आता सोप्यात वेगळा, मागच्या बाजूला वेगळा. तीन वर्षं झाली, बघावं लागलेलं नाही.

गोडोलीकर
@राजवाडा_चौक म्हणजे शेवटी केबलच ओढलीत ना? 😄

राजवाडा_चौक
हो दादा, ओढली! तुमचंच खरं.

आयर्विनचा_कठडा
@राजवाडा_चौक तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण ताईंच्या बाबतीत लागू होत नाही, कारण त्यांच्या मोबाइलला त्याच टेबलावर २८० येतात. २.४ वर साध्या मोबाइलला २८० येणं जवळजवळ अशक्य, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ जिन्यातून वर पोचतंय. जिन्याची पोकळी तिथं कामाला येते. म्हणून मी नेहमी सांगतो, खरेदीच्या आधी मोबाइल घेऊन मशीन असेल त्या जागी बसा आणि मोजा. फुकटातली परीक्षा आहे.

तासगाव_बेदाणा
यूएसबीच्या ऐवजी आतलं कार्ड का नाही सुचवत कुणी? डेस्कटॉप आहे ना. पीसीआयई कार्ड, म्हणजे आतल्या बोर्डाच्या खाचेत बसणारं वायफाय कार्ड बसवा, मागे दोन अँटेना, यूएसबीची भानगडच नको. लॅपटॉपवाल्यांना पण आतलं कार्ड बदलता येतं, मी स्वतः बदललंय. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे कॅमेरे बघायला एक जुना लॅपटॉप ठेवलाय, त्याला इंटेलचं एएक्स२१० टाकलं.

पण बदलताना दोन धडे मिळाले ते सांगतो. पहिला लॅपटॉप दुसऱ्याच कंपनीचा होता, त्यात कार्ड टाकून चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, हे कार्ड मान्य नाही, आणि पुढं सरकेचना. काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) मान्य कार्डांची यादीच भरलेली असते, त्याच्या बाहेरचं घेत नाही. तेव्हा आधी आपल्या मॉडेलचं विचारून घ्या. दुसरा धडा, त्या कार्डाला दोन बारीक वायरी टोपणासारख्या दाबून बसवायच्या असतात, एक काळी एक पांढरी. टोपण मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. मी घाईत तिरकं दाबलं आणि कड वाकली. मग सुईच्या टोकाने सरळ केली, भिंग लावून, घाम फुटला होता. बरोबर वर धरून बोटाच्या टोकाने सरळ खाली दाबायचं, टक् असा बारीक आवाज आला की बसलं.

तुळशीकट्टा
@तासगाव_बेदाणा दादा एएक्स२०१ आणि एएक्स२१० मध्ये फरक काय? २०१ स्वस्त मिळतंय.

तासगाव_बेदाणा
@तुळशीकट्टा घेऊ नका, आधी मशीन बघा. २०१ आणि २११ ही कार्डं निम्मी असतात, बाकीचं निम्मं काम इंटेलच्या ठराविक प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं. एएमडीच्या मशीनमध्ये ती चालतच नाहीत. २०० आणि २१० पूर्ण कार्डं आहेत, एम.२ ची (वायफाय कार्ड बसवायची बारीक) बरोबर खाच असेल तर इंटेल-एएमडी दोन्हीकडे चालतात. आकड्यात एकाचा फरक, पण पैसे पाण्यात जातील.

जिन्याशेजारची_खोली
@तासगाव_बेदाणा दादा, तुम्ही लिहिल्यावर कॅबिनेट उघडून बघितलं. एक आखूड खाच रिकामी आहे पण ग्राफिक कार्डाच्या पंख्याला अगदी खेटून. मधे बोट पण जात नाही. तिथं कार्ड बसवलं तर पंख्याला हवा मिळणार नाही असं वाटतंय, आणि थ्रीडी मॉडेल फिरवताना ते कार्ड आधीच तापतं. फोटो टाकू का?

तासगाव_बेदाणा
नको, कळलं. मग नको बसवू ताई, ग्राफिक कार्ड जास्त महत्त्वाचं. यूएसबीच बरं.

पेंग्विन_कुपवाड
कुणी लिनक्स वापरत असेल तर माझं ऐका. खोक्यावरचं कंपनीचं नाव बघून घेऊ नका, आतली चिप कुठली ते शोधा. एकाच नावाच्या मॉडेलची पुढची आवृत्ती आली की आतली चिप बदलते. मीडियाटेकची एमटी७९२१एयू चिप असलेला यूएसबी अडॅप्टर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१८ पासून आपोआप चालतो, लावला की झालं. बाकी काही चिपसाठी ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतः बांधावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा बांधा. मी एका रविवारी पूर्ण दिवस त्यात घालवला, घरात जेवायला चार हाका मारल्या तरी उठलो नाही, आणि सोमवारी अपडेट आलं. आता चिप विचारल्याशिवाय घेत नाही.

विंडोजवर पण एक गोष्ट. काही डोंगल पहिल्यांदा लावला की सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो. घाबरू नका, त्यातच ड्रायव्हर असतो, तो चढवला की मग वायफाय म्हणून उभा राहतो.

नदीकाठचा
थोडं विषयांतर. अडॅप्टरचं चाललंय ते ठीक, पण आमच्याकडे सांगलीच्या गावभागात लोकांनी फायबरचा डबा कुठं बसवावा हे आधी बघावं. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी होतं. काचेच्या तंतूला पाण्याचं काही वाटत नाही, पण डबा, चार्जर, सगळं चिखलात. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा तोपर्यंत आम्ही डबा जिन्याच्या वरच्या माथ्यावर नेला होता, डबा तरी वाचला. आणि तिथं बसवल्यामुळे दोन्ही मजल्यांना वायफाय पण चांगला येतो. ताई विश्रामबागला पाण्याचं भय कमी, तरी जिन्याच्या माथ्यावर डबा हलवून मिळाला तर बघा.

संगम_माहुली
@नदीकाठचा हे विषयांतर नाहीच, हे पहिल्या पानावर असायला हवं. डबा घराच्या मध्यावर, उंचावर. टीव्हीच्या मागं, कपाटात, माशांच्या टाकीशेजारी अजिबात नको.

पोवई_नाका
३०० च्या ऐवजी ९४ येतात अशी तक्रार असणाऱ्यांसाठी. आकडा ९३-९५ ला अडकला असेल तर वायफायचा दोष नाहीच. डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर मधल्या केबलचं प्लॅस्टिकचं टोक उजेडात धरून बघा. आमच्याकडे बसवणाऱ्याने आठपैकी चारच तारा दाबल्या होत्या, केशरी जोडी आणि हिरवी जोडी, बाकीच्या कापून मागं दुमडलेल्या. चार तारांवर १०० च्या वर जातच नाही, हजारच्या लिंकला आठही लागतात. नवीन टोक लावलं, पाच मिनिटांचं काम, लगेच २९०. त्याच्या आधी मी एक अडॅप्टर आणि एक राउटर बदलून बसलो होतो. फार वाईट वाटलं पैशाचं.

जिन्याशेजारची_खोली
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न, एसी१३०० की एएक्स१८००? दुकानात फरक साधारण हजाराचा सांगितला.

आयर्विनचा_कठडा
तुमच्या डब्याच्या खालचं लेबल वाचा. डबा वायफाय ५ चा (म्हणजे एसी पिढीचा, हा ५ गिगाहर्ट्झवाला ५ नव्हे; एएक्स म्हणजे वायफाय ६) असेल तर एएक्स अडॅप्टर त्याच्याशी वायफाय ५ चीच भाषा बोलणार, वरचे हजार आत्ता कामाला येणार नाहीत.

पेंग्विन_कुपवाड
मी असहमत. अडॅप्टर पाच-सहा वर्षं वापरतो आपण, डबा कधी ना कधी बदलणार. एकदाच एएक्स घ्या.

संगम_माहुली
दोन्ही बरोबर, पण मशीन सात वर्षं जुनं आहे. पुढचं मशीन येईल त्याच्या बोर्डावरच बहुतेक वायफाय असेल. मी एसी१३०० घेईन, यूएसबी ३.०, दोन उभ्या अँटेना, आणि वायरचा स्टँड सोबत असलेला. वाचलेल्या हजारात डब्यासाठी यूपीएस बघा, वीज गेली तरी तो चालू राहील.

जिन्याशेजारची_खोली
घेतला! एसी१३००, खोक्याच्या मागं यूएसबी ३.० वाचूनच पैसे दिले. दुकानदार म्हणाले ताई तुम्ही पहिल्याच, ज्यांनी खोका उलटा करून वाचला. पण लावल्यावर १७० च्या वर जात नाहीये 😟 लिंक स्पीड ६५० दाखवतंय, बँड ५.

संगम_माहुली
६५० लिंकला १७० फारच कमी. कुठल्या पोर्टात लावलाय? निळ्या का?

जिन्याशेजारची_खोली
पुढच्या बाजूला, काळ्या. मागं हात पोचत नाही म्हणून.

आयर्विनचा_कठडा
तिथंच आहे ते. पुढचे काळे २.० चे, मागचे निळे ३.० चे. टेबल ओढा आणि मागच्या निळ्यात लावा.

जिन्याशेजारची_खोली
टेबल ओढायला ह्यांना बोलावलं, मागं सात वर्षांची धूळ, एक पेन्सिल आणि मुलाचा हरवलेला चेंडू सापडला. निळ्यात लावलं. २७२. पुन्हा केलं, २६८. स्टँड खिडकीच्या कठड्यावर जिन्याच्या तोंडाला ठेवलाय. तीच स्कॅन फाइल मुद्दाम पुन्हा उतरवली, दोन मिनिटं दहा सेकंद. मी खुर्चीतून उठून चहा ठेवायला गेले तर उकळी यायच्या आत झाली होती.

मिरजेचा_तंबोरा
अभिनंदन ताई. एक विचारू, तुमचा जुना नखाएवढा डोंगल टाकून दिला नसेल तर मला चालेल का? वर्कशॉपमधल्या जुन्या संगणकावर फक्त हिशोब आणि मेल बघायचे असतात, ३५ म्हणजे तिथं खूप झालं.

जिन्याशेजारची_खोली
काका, आनंदाने. बुधवारी मिरजेला माहेरी येतेय, दर्ग्याजवळच घर आहे. पत्ता व्यनि करा, आणून देते. तंबोरा जुळवताना बघायला मिळाला तर पाच मिनिटं बसेन म्हणते.

मिरजेचा_तंबोरा
या, नक्की या. सकाळी दहानंतर असतो. मुलांनाही आणा.